नव्या पेठेत जुन्या जीपची जुळवाजुळव

चेन्नईच्या एग्मोर स्टेशनातून बाहेर पडून कूम नदीच्या दिशेनं चालू लागलं, की दहा-पंधरा मिनिटांत हवेचा वास बदलतो. मोगऱ्याचे गजरे आणि फिल्टर कॉफी मागे पडते. जळकं ऑइल, गॅस वेल्डिंग आणि गंजलेलं लोखंड यांचा वास नाकात शिरतो. हीच पुदुपेट्टै. तमिळमध्ये ‘पुदु’ म्हणजे नवं आणि ‘पेट्टै’ म्हणजे आपली पेठ. पुण्याला जशी नवी पेठ आहे तशी ही चेन्नईची नवी पेठ. फरक एवढाच, की या नव्या पेठेत नवी वस्तू शोधूनच काढावी लागते.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाळे आहेत, पण गाळा कुठं संपतो आणि फुटपाथ कुठं सुरू होतो हे सांगणं अवघड. मोटारींचे दरवाजे रद्दीच्या दुकानातल्या वह्यांसारखे उभे रचलेले. वर दोरीला बंपर टांगलेले. एका गाळ्यात नुसते गिअरबॉक्स, दुसऱ्यात नुसती स्टिअरिंगची चाकं, तिसऱ्यात हेडलाइटच हेडलाइट, सगळे डोळे वटारून गिऱ्हाइकाकडे पाहताहेत. अपघातात सापडलेल्या आणि विमा कंपन्यांनी लिलावात काढलेल्या गाड्या, सरकारी खात्यांनी मोडीत काढलेल्या गाड्या, मालकानं कंटाळून फुंकून टाकलेल्या गाड्या, सगळ्या इथं येतात. थोड्याच वेळात त्यांचे अवयव वेगवेगळ्या गाळ्यांत जाऊन बसतात. डिसेंबर २०१५च्या महापुरात शहरातल्या असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या, त्यांतल्या कितीतरी पुढं भंगारात निघाल्या. चेन्नईकर गमतीनं म्हणतात, पुदुपेट्टैत गाडी उभी करून चहाला गेलात तर परत आल्यावर आपलीच गाडी सुट्या भागांत विकत घ्यावी लागेल. दुकानदारांना हा विनोद आवडत नाही, आणि ते साहजिकच आहे.

तसं पाहिलं तर असे बाजार सगळीकडे आहेत. मुंबईला कुर्ला आहे, दिल्लीला मायापुरी. पण मोटारींच्या बाबतीत चेन्नईचं घराणंच जुनं. इथल्या माउंट रोडवरच्या सिम्पसन कंपनीत १९०३ साली वाफेवर चालणारी मोटार तयार झाली होती. पुढं अशोक लेलँड, स्टँडर्ड, एनफिल्ड असे कारखाने या शहराच्या आसपास उभे राहिले. जिथं गाड्या जन्मतात तिथं त्यांची शेवटची सोय करणारी वस्तीही असायचीच.

या गर्दीतलं बहुतेक गिऱ्हाईक टॅक्सीवाले, रिक्षावाले आणि गॅरेजवाले. त्यांना काय हवं ते ठाऊक असतं, नंबर सांगतात, पैसे टाकतात आणि जातात. पण अधूनमधून एक वेगळाच माणूस दिसतो. त्याच्या बगलेत वर्तमानपत्राची गुंडाळी असते, खिशात शिंप्याची फीत असते आणि तो प्रत्येक गाळ्यासमोर रेंगाळतो. गुंडाळी उलगडली की आत कात्रीनं कापलेला कागदी बेत निघतो, परकराचा किंवा ब्लाउजचा असावा तसा. तो असतो जीपच्या मडगार्डाचा. हा जीपवाला. कुणी निलगिरीच्या चहामळ्यातून आलेला असतो, कुणी कोईमतूरहून, तर कुणी थेट सातारा-कोल्हापूरकडून. आपला माणूस दुकानदाराला सवयीनं ‘अण्णा’ म्हणतो आणि दोघांचंही काम सोपं होतं, कारण तमिळमध्येही थोरल्या भावाला अण्णाच म्हणतात. त्यापुढची बोलणी मोडक्या हिंदीत आणि हातवाऱ्यांत होतात.

‘अण्णा, जीपचं बॉनेट आहे?’

‘आहे ना सार. कुठली जीप?’

इथंच पहिली पंचाईत होते. घरच्या पडवीत वीस वर्षं ताडपत्रीखाली पडलेली आजोबांची जीप म्हणजे फक्त जीप, एवढंच त्याला ठाऊक असतं. पण जीप ही एक गाडी नाही. ते एक मोठं खटलं आहे, आणि त्यात चुलत, मावस, सावत्र असे सगळे नातेवाईक आहेत.

मूळ पुरुष १९४१चा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यासाठी विलिस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी एकाच आराखड्यावर जीप बनवल्या. विलिसची ती एमबी आणि फोर्डची ती जीपीडब्ल्यू. दोन्ही मिळून सहा लाखांहून अधिक निघाल्या. सैन्याची अट अशी, की एकीचा भाग दुसरीला बसलाच पाहिजे. रणांगणावर कोण कंपनी पाहत बसणार? फोर्डवाले मात्र आपल्या भागांवर, अगदी बोल्टच्या डोक्यांवरसुद्धा, ‘एफ’ हे अक्षर उठवत. म्हणजे विसंगत भाग जोडून चालती राहावी अशाच बेतानं ही गाडी जन्माला आली होती. युद्ध संपल्यावर हिंदुस्थानातल्या तळांवरच्या कितीतरी जीप ‘डिस्पोजल’च्या मालात विकल्या गेल्या. आज सत्तरी-ऐंशी ओलांडलेल्या मंडळींना तो शब्द चांगलाच आठवत असेल.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत महिंद्र कंपनीनं मुंबईत माझगावला विलिस जीपचे आयात भाग जोडायला सुरुवात केली. पुढं सीजे-थ्रीबी ही जीप आली आणि आपल्याकडे तीच घरोघर माहीत झाली. पंचायत समितीची जीप, पाटबंधारे खात्याची जीप, सिनेमातल्या इन्स्पेक्टरची जीप, सगळ्या बहुधा याच गोत्यातल्या. हिचं इंजिन आधीच्यापेक्षा उंच होतं. ते जुन्या बॉनेटखाली मावेना, म्हणून कंपनीनं बॉनेटच उंच केलं. जीपवाल्यांच्या भाषेत ‘लो बॉनेट’ आणि ‘हाय बॉनेट’ हा जो भेद आहे तो इथून सुरू होतो. अमेरिकेत थ्रीबी १९६८ साली बंद झाली, इथं मात्र तिचा वंश पुढं कितीतरी वर्षं चालला. मग डिझेल इंजिनं आली, प्यूजोचं इंजिन आलं, एमएम ५४० आली, आणि खेडोपाडी वडाप करणारी लांबुडकी कमांडर आली.

दिसायला सगळ्या बहिणी-बहिणी. पण लष्करी एमबीच्या तोंडावरच्या जाळीला नऊ फटी, नागरी जीपला सात. एमबीचे दिवे लहान आणि जाळीच्या आत दडलेले. रात्री इंजिन दुरुस्त करायचं झालं तर तेच दिवे उलटे फिरवून इंजिनवर उजेड पाडता येई. नागरी जीपचे दिवे मोठे आणि बाहेर आलेले. हाय बॉनेटवाल्या थ्रीबीचं काचेखालचं कपाळही उंच, त्यामुळं लो बॉनेटचं झाकण तिच्यावर ठेवलं तर लहान भावाची टोपी मोठ्या भावाच्या डोक्यावर ठेवल्यासारखं होतं. अमेरिकन टबात स्टिअरिंगचं भोक डावीकडे, आपल्याकडच्या गाड्यांना ते उजवीकडे हवं. जुन्या जीपचे नटबोल्ट इंची, नंतरच्या इंजिनांचे मिलिमीटरचे. एकाच गाडीला दोन प्रकारचे पाने लागतात आणि चुकीचा पाना लावला की बोल्टचं डोकं गोल होऊन बसतं.

एवढ्यानं भागत नाही. गुंता वाढवायला तिसरा प्रकार आहे, तो हातानं घडवलेल्या बॉड्यांचा. पंजाब-हरियाणाच्या सीमेवरच्या मंडी डबवालीत जुन्या जीपना नव्या बॉड्या चढवून देण्याचा धंदाच आहे, आणि छोट्या प्रमाणावर तो गावोगावच्या गॅरेजांत चालतो. साच्याऐवजी डोळ्यांच्या अंदाजानं वाकवलेल्या पत्र्याची दोन मडगार्डं एकमेकांसारखी कशी असतील? पुदुपेट्टैत जीपचं म्हणून जे पडलेलं असतं त्यात अस्सल लष्करी, महिंद्रचं, डबवालीचं आणि कुणा गल्लीतल्या कारागिराचं, असं सगळं एकाच ढिगात असतं. रंग उडालेला असल्यानं सगळं सारखंच तांबडं दिसतं.

समजा, नशीब जोरावर आहे आणि हवं त्याच सालचं, हवं तेच मडगार्ड मिळालं. तरी ते बसत नाही! कारण साठ वर्षं घाट उतरलेली, उसाच्या मोळ्या वाहिलेली, दोनदा झाडाला धडकलेली जीप स्वतःच मूळ मापाची राहिलेली नसते. पार्ट बरोबर असतो, गाडी चुकलेली असते. पुष्कळ हौशी मालक इथं फसतात. एक मडगार्ड बसलं नाही म्हणून दुसरं घेतात, तिसरं घेतात, आणि शेवटी पडवीत मडगार्डांची उतरंड लागते.

जाणता डेंटर या कामाला पत्र्यापासून सुरुवात करत नाही. त्याचं पहिलं हत्यार म्हणजे सुतळी. चासीच्या पुढच्या डाव्या टोकापासून मागच्या उजव्या टोकापर्यंत एक माप आणि उजव्यापासून डाव्यापर्यंत दुसरं. दोन्ही कर्ण सारखे भरले तर चासी काटकोनात आहे. एखाद-दुसऱ्या सुताचा फरक सोडून द्यायचा, पण इंचभर तफावत निघाली तर चासी तिरकी झाली आहे, ती आधी सरळ करायची. तिरक्या पायावर सरळ भिंत उभी राहत नाही हे गवंड्याला कळतं, पण जीपवाल्याला कळायला पैसे घालवावे लागतात.

दुसरा नियम, बोल्ट लावायचे पण आवळायचे नाहीत. आधी टब चासीवर ठेवायचा, मग पुढची जाळी, मग बॉनेट, मग दोन्ही मडगार्डं, आणि सगळं ढिलं. जीपचं बॉनेट मागं काचेखाली बिजागरीला अडकतं, पुढं जाळीवर टेकतं आणि बाजूंना मडगार्डांवरच्या कड्यांनी बंद होतं. फुगडीत हात धरावेत तसे हे एकमेकांना धरून असतात. एकानं हात आखडला की दुसऱ्याचा तोल जातो. घाईनं मडगार्ड आधी घट्ट केलं तर बॉनेट मिटत नाही, आणि मग बॉनेटवर हातोडी पडते, त्या बिचाऱ्याचा काही दोष नसताना. सगळं ढिलं ठेवून फटी पाहायच्या. दोन्हीकडची फट सारखी आहे का हे बघायला काडेपेटीतली काडीही पुरते. कुठं टब खाली बसला असेल तर चासी आणि टबाच्या मधल्या रबरी गादीखाली वॉशर सरकवायचे. कुठं बोल्टचं भोक कानसीनं लांबट करायचं. निम्म्या तक्रारी एवढ्यानं मिटतात आणि त्याला वेल्डिंगचा एक टाकाही लागत नाही.

उरलेल्या निम्म्यांसाठी कलम बांधायचं. एका मडगार्डाचा पुढचा भाग चांगला, दुसऱ्याचा मागचा चांगला, मग दोन्ही कापून एक करायचं. कोकणात आंब्याची फांदी दुसऱ्या झाडावर बांधतात त्यातलाच हा प्रकार, आणि जोड तितक्याच नाजूक हातानं करावा लागतो. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग वेल्डिंग केलं की पत्रा तापून पापडासारखा वेडावाकडा होतो. म्हणून एक टाका इथं, दुसरा वीतभर लांब, मध्ये थंड होऊ द्यायचं, मग मधली जागा भरायची. मग मागं लोखंडी ठोकळा धरून समोरून हळूहळू ठोकत जोड सपाट करायचा. हे काम वेळखाऊ असतं, त्यामुळं वाईट कारागीर त्यावर बोटभर जाडीची लांबी थापतो आणि रंग मारून मोकळा होतो. पहिल्या दिवशी गाडी आरशासारखी दिसते. पहिल्या पावसाळ्यानंतर लांबी तडकते आणि आतून गंज वर येतो.

म्हणूनच पुदुपेट्टैत जाताना कागदी बेत, फीत आणि सुतळी यांच्या जोडीला खिशात एक लोहचुंबक असावा, रुमालात गुंडाळलेला. मालावरून तो फिरवत न्यायचा. जिथं तो चिकटेनासा होतो तिथं पत्र्याच्या जागी लांबी आहे असं समजावं. दुकानदाराला राग येत नाही, उलट हे गिऱ्हाईक शहाणं आहे म्हणून तो आतल्या खोलीतला माल काढतो. टब घ्यायचा असेल तर तो पालथा घालून बघावा. लष्करी टबाच्या तळाला आधारासाठी पन्हाळीसारख्या पट्ट्या असत आणि त्यांत लाकडं भरलेली असत. लाकडात पाणी मुरायचं आणि पट्टी आतून सडायची. चेन्नई समुद्रावरचं गाव आहे, खाऱ्या वाऱ्यात पडून राहिलेला पत्रा वरून धड दिसला तरी खालून चाळणी झालेला असू शकतो.

भाग बसतो की नाही याच्याइतकाच तो कुठून आला हा प्रश्नही महत्त्वाचा आहे. मडगार्डावर नाव नसतं, पण चासीवर क्रमांक असतो. क्रमांक असलेला चासीचा तुकडा कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. मोठ्या वस्तूची, विशेषतः इंजिनाची, पावती मागावी. पावती म्हटल्यावर दुकानदार दुसऱ्याच विषयावर बोलू लागला तर पुढच्या गाळ्यात जावं. बाजार लहान नाही.

कायदाही आता याच फटीत डोकावू लागला आहे. जुलै २०२१मध्ये केंद्र सरकारनं जुन्या वाहनांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीची फी वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं आणि पाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरं. जुनी नोंदणी असेल तर मूळचा क्रमांकही राखता येतो. अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणायची. पण खरी मेख पुढं आहे. गाडी मूळ स्वरूपात जपलेली हवी. चासी, बॉडीचा सांगाडा आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. त्याआधी जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही कंपनीनं ठरवलेल्या मूळ रचनेत बदल करता येणार नाही असा निर्णय दिला होता.

आता पडवीतल्या जीपचं काय? टब डबवालीचा, बॉनेट पुदुपेट्टैचं, इंजिन आजोबांनीच १९८०च्या दशकात पेट्रोलचं काढून डिझेलचं बसवलेलं. मूळचं काय उरलं? चासी, कागद आणि आजोबांनी टबाच्या कडेला खिळ्यानं कोरलेली स्वतःची आद्याक्षरं. टब बदलला की तीही जातात. इथं मालकाला निवड करावी लागते. सडलेला टब टाकून देऊन डौलदार नवा घ्यायचा, की सडलेला तेवढाच भाग कापून जुना टब वाचवायचा? दुसरा मार्ग महाग आहे, वेळ खाणारा आहे आणि गाडी शेवटी थोडी ठिगळ लावलेलीच दिसते. तरीही तोच बरा. कागदावर तो टिकतो, कारण सांगाडा मूळचाच राहतो. आणि घरातही टिकतो.

काही हौशी मंडळी याच्या नेमकी उलट करतात. साध्या नागरी जीपला नऊ फटींची जाळी, बाजूला कुऱ्हाड-फावडं, बॉनेटवर पांढरा तारा आणि डॅशबोर्डवर नवी पाडलेली जुनी पितळी पाटी, की झाली महायुद्धातली जीप! लग्नाच्या वरातीत शोभते, हरकत नाही. पण हीच गाडी ‘अस्सल १९४२’ म्हणून दामदुपटीनं विकायला काढली की ती फसवणूक होते. गंमत म्हणजे युद्धातून खरोखर वाचलेल्या जीप इतक्या शुद्ध नसतातच. लष्करी वर्कशॉपात विलिसच्या चासीवर फोर्डचा टब चढत होता, जे हाताशी असेल ते लागत होतं. एखाद्या जीपच्या मडगार्डाच्या बोल्टवर ‘एफ’ आहे आणि जाळीच्या बोल्टवर नाही, याची तिच्या मालकाला लाज वाटायचं कारण नाही. तो तिचा इतिहास आहे, आणि तो दडवण्यासाठी सगळे बोल्ट बदलणारा माणूस पदरचे पैसे खर्चून गाडीची किंमत कमी करतो.

पुदुपेट्टैपासून पन्नासएक किलोमीटरवर, चेंगलपट्टूजवळ, महिंद्रचं मोठं संशोधन केंद्र आहे. २०१२ साली ते सुरू झालं. जीपचा वंश सांगणाऱ्या आजच्या गाड्यांवर तिथं काम चालतं, संगणकाच्या पडद्यावर, केसाच्या जाडीची मापं घेऊन. कूमच्या काठावर काडेपेटीतल्या काडीनं फट मोजली जाते. दोन्ही ठिकाणं एकाच दिवसात पाहता आली असती तर मौज होती, पण केंद्रात कुणालाही असंच आत सोडत नाहीत. पुदुपेट्टैला तिकीटही नाही आणि दारही नाही.

घरची मंडळी बरोबर असतील तर त्यांना या धुळीत उभं करू नये. एग्मोरलाच पँथियन रोडवर १८५१ साली स्थापन झालेलं सरकारी संग्रहालय आहे. चोळांच्या काळातल्या कांस्यमूर्ती आणि अमरावतीची शिल्पं पाहण्यात अर्धा दिवस सहज जातो. हात तुटलेल्या, नाक गेलेल्या मूर्तींना तिथं कुणी नवे अवयव बसवायला गेलेलं नाही. जीपवाल्यानंही जमल्यास एक चक्कर मारावी. ऑक्टोबर ते डिसेंबर हा इकडचा पावसाळा, त्या दिवसांत पुदुपेट्टैच्या गल्ल्यांत चिखल आणि ऑइल यांचं मिश्रण होतं. जानेवारी-फेब्रुवारी उत्तम.

सौदा ठरला की शेवटचं काम बांधाबांधीचं. मडगार्डाला आतून-बाहेरून जुनं इंजिन ऑइल चोपडायचं, कडांना सायकलची जुनी ट्यूब चिरून बांधायची, वर गोणपाट शिवायचं. त्याआधी दुकानदाराकडून खडू मागून घ्यावा आणि आतल्या बाजूला डावं-उजवं, पुढं-मागं लिहून ठेवावं. कारण चार दिवसांनी ट्रान्सपोर्टच्या गोदामातून माल सुटतो, अंगणात गोणपाट उसवलं जातं, शेजारपाजारचे जमतात, आणि मडगार्ड जीपला लावून पाहिलं की ते दोन सूत लांब निघतं. दुकानदारानं हे आधीच सांगितलेलं असतं. पैसे मोजून घेताना मडगार्डाच्या मागच्या कडेवर अंगठा फिरवत तो म्हणालेला असतो, ‘सार, कापायचं ते इथं कापा. पण आधी सगळे बोल्ट ढिले करून एकदा बघा.’